परीच्या घराला बुरूज

जुलैतला रविवार. बेळगावला 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणणाऱ्या माणसाने जुलैत इथं कपडे वाळवून दाखवावेत, शनिवारी दोरीवर टाकलेला टॉवेल बुधवारी पण दमटच. अशा दिवशी आमची सात वर्षांची लेक मोबाईल नाचवत आली, "पप्पा, परीचं घर करूया, अर्ध्या तासात होतंय बघ." व्हिडिओत एक बाई हसत हसत काड्या चिकटवत होती आणि तिचं टेबल चकचकीत स्वच्छ होतं. तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.

खडेबाजारात छत्री सांभाळत आइस्क्रीमच्या काड्या, पंखांसाठी जाळीचं कापड आणि ग्लिटर घेतलं. ग्लिटर एकच रंग घ्यायचा असं ठरवून गेलो होतो, चार घेऊन आलो.

पहिली भिंत उभी केली, आडवी झाली. परत उभी केली, परत आडवी. पांढरा गम म्हणजे निम्मं पाणीच, ते उडून गेलं की तो धरतो, पण आमच्याकडे जुलैत पाणी उडून जाणार कुठं, बाहेर आधीच हाऊसफुल्ल! शेवटी बायकोचा हेअर ड्रायर आणला. (तिला विचारलं नव्हतं. नंतर कळलं.)

आता माझं सगळं बालपण शहापुरात दिवाळीचे किल्ले करण्यात गेलंय, त्यामुळे हाताला दुसरं वळणच नाही. काड्या लावता लावता कोपऱ्यात बुरूज कधी आला मलाच कळलं नाही.

"परीला बुरूज कशाला?"

"रात्री कोण आलं तर?"

हे तिला पटलं. मग तटबंदी आली, आणि दिवाळीच्या खोक्यातले दोन मावळे पण दारात उभे राहिले. व्हिडिओतल्या बाईने बागेसाठी शेवाळ विकत आणलं होतं, आमच्या मागच्या भिंतीवरून मी सुरीने किलोभर खरवडून आणलं, फुकट.

परी कागदाची कापली आणि टाचणीने बुरुजावर उभी केली. लांबून फोटो काढून लेकीला दाखवला, "बघ, खरी परी आली की!" हे काय माझ्या डोक्यातलं नव्हे. 1917 साली इंग्लंडात कॉटिंगली गावात दोन पोरींनी कागदाच्या पऱ्या कापून, टोपीच्या पिनांनी उभ्या करून फोटो काढले होते आणि ते खरे आहेत असं शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलला पण वाटलं. त्या दोघींनी कबूल केलं ते थेट 1983 मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. एवढा मोठा माणूस फसला, पण आमच्या बाईसाहेब दोन सेकंद बघून म्हणाल्या, "पप्पा, टाचणी दिसतेय."

सोमवारी ऑफिसात साहेब बोलता बोलता सारखे माझ्या मिशीकडे बघत होते. घरी येऊन आरशात बघितलं, डाव्या बाजूला गुलाबी, उजव्या बाजूला चंदेरी. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकचा आणि ॲल्युमिनियमचा चुरा, धुवून जात नाही, नुसतं जागा बदलतं. मंगळवारी आमटीत सापडलं.

शेजारच्या काकू बघून कानडीत म्हणून गेल्या, "भाळ चंद ऐत्री!" म्हणजे लई छान आहे. मी जरा फुगलो. मग आई आली, चष्मा लावून वाकून बघितलं.

"ही कोण गे?"

"परी, आजी. पाण्याजवळ राहते, नाचते, रागावली तर त्रास देते."

"म्हणजे आसराच की!"

आणि माझं काही ऐकायच्या आत देवघरातून करंडा आणून तिने बुरुजाला हळदकुंकू लावलं, मावळ्यांना पण लावलं. मग माझ्याकडे वळली, "एकच कशी रे बसवलास? साती आसरा म्हणतात ते काय उगीच? बाकीच्या सहा कुठं बसणार?"

लेकीने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी परत छत्री घेऊन खडेबाजारात गेलो तर दुकानदाराने माझ्या मिशीकडे बघितलं आणि न विचारताच ग्लिटरचा डबा खाली काढला.