‘काओरीचा आजार अगदी अचूक दाखवलाय’ म्हणे!

आधीच सांगून ठेवतो, पुढे मालिकेचा शेवट उघड केला आहे.

एप्रिल जवळ आला की अ‍ॅनिमे (जपानी ॲनिमेशन) पाहणाऱ्यांत एक मजकूर हातोहात फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: ‘युअर लाय इन एप्रिल’ ही कोवळं प्रेम आणि जीवघेणा आजार यांवरची सर्वांत खरी मालिका. नायिका काओरीला फ्रीडरिक्स अटॅक्सिया (तोल आणि हालचालींवरचा ताबा घालवणारा चेताविकार) आहे आणि लक्षणं शंभर टक्के जुळतात. शस्त्रक्रिया हा शेवटचा आशेचा किरण होता. आजाराचं नाव घेतलेलं नाही, हा दिग्दर्शकाचा संयम. आईनं नायक कोसेईला मारलं ते आजारपणामुळे, तेही समजून घ्यायला हवं. संगीत बिनचूक. आणि शेवटच्या पत्रावर ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही त्याला मालिका कळलीच नाही.

यातला संगीताचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे एकेक करून पाहू.

मालिका कोणती, हे नवख्यांसाठी थोडक्यात. नाओशी अराकावा यांची मांगा (जपानी चित्रकथा) कोदान्शाच्या मासिकात २०११ ते २०१५ या काळात आली, तिचे ११ खंड झाले. ए-वन पिक्चर्सनं तिची २२ भागांची मालिका केली. दिग्दर्शक क्योहेई इशिगुरो. फुजी टीव्हीवर ती १० ऑक्टोबर २०१४ ते २० मार्च २०१५ दरम्यान दाखवली गेली. आईच्या मृत्यूनंतर स्वतःच्या पियानोचे सूर ऐकू न येणारा चौदा वर्षांचा कोसेई आणि त्याला ओढून पुन्हा रंगमंचावर नेणारी व्हायोलिनवादक काओरी, एवढी गोष्ट. काओरी आजारी आहे हे हळूहळू कळतं आणि शेवटी शस्त्रक्रियेत ती जाते. मागे राहतं ते तिनं कोसेईला लिहिलेलं पत्र.

‘तिला फ्रीडरिक्स अटॅक्सिया आहे, लक्षणं शंभर टक्के जुळतात’

हे निदान मालिकेत कुठेही नाही. ते चाहत्यांनी केलेलं आहे आणि कॉपी-पेस्ट होत होत त्याला वस्तुस्थितीचा दर्जा मिळाला आहे. ती पडते, पायातलं बळ जातं, हात ऐकेनासे होतात, वय चौदा. एवढ्यावर इंटरनेटवर शोध घेतला की हे नाव समोर येतंच.

आता हा आजार असतो कसा ते पाहा. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात जीएए या डीएनएतल्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढते. निरोगी माणसात ती तीसेकपर्यंत असते, रुग्णात बहुधा शेकड्यांनी. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. हे जनुक १९९६ साली सापडलं. पुनरावृत्ती वाढल्यानं पेशीत फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन कमी पडतं. सर्वांत आधी मार बसतो तो मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशींना, म्हणजे आपला हात, पाय, बोट या क्षणी नेमकं कुठे आहे हे मेंदूला कळवणाऱ्या यंत्रणेला. म्हणून चाल झोकांड्या खाऊ लागते, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो. पाठीचा कणा वाकतो, तळपायाची कमान उंचावते, जीभ जड होऊन बोलणं तुटक होतं. हृदयाचा स्नायू जाड होतो आणि बहुतेक रुग्ण शेवटी हृदयाच्याच बिघाडानं जातात. काहींना मधुमेहही होतो.

मुख्य म्हणजे हे सगळं रेंगाळत घडतं. लक्षणं बहुधा ५ ते १५ या वयात सुरू होतात, पण चाकाची खुर्ची लागायला त्यानंतर साधारण दहा-पंधरा वर्षं जातात, आणि पुष्कळ रुग्ण तिशी-चाळिशी गाठतात. काओरीची इस्पितळाची ये-जा जुनी आहे हे पत्रातून कळतं, हे मान्य. पण एप्रिल-मेमध्ये रंगमंचावर पूर्ण वेगानं व्हायोलिन वाजवणारी, रस्त्यानं धावणारी, कोसेईला लाथा घालणारी मुलगी त्याच हिवाळ्यात मरते. तिची जीभ एकदाही अडखळत नाही. पाठीला बाक नाही, हृदयाचा उल्लेख नाही. शंभर टक्के जुळतंय म्हणणाऱ्यांनी ही बेरीज कशी केली, त्यांनाच ठाऊक.

यात आणखी एक मोठी गोची आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. फ्रीडरिक्स हा युरोप, पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका आणि भारतीय उपखंडात आढळणारा आजार आहे. जपानी वंशाच्या लोकांत तो जवळपास नाहीच. मुंबईतल्या न्यूरॉलॉजिस्टकडे असा रुग्ण येऊ शकतो; टोकियोतल्याला तो पुस्तकातच भेटायचा. जपानमध्ये वंशपरंपरेनं येणारे अटॅक्सिया बहुतांशी वेगळ्या जातीचे असतात, एकाच पालकाकडून बिघडलेली प्रत आली तरी होणारे. पूर्वी ज्या जपानी मुलांवर फ्रीडरिक्सचा शिक्का बसला होता त्यांतल्या अनेकांना प्रत्यक्षात दुसराच अटॅक्सिया होता. त्याचं जनुक २००१ साली सापडलं. त्यात डोळ्यांची हालचाल अडते आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं.

चौदा वर्षांची मुलगी वारंवार पडते म्हणून दवाखान्यात आली तर काय होतं, हेही मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी पाहावं. बोटानं नाकाला शिवणं, टाच नडगीवरून सरकवणं, एका रेषेत चालणं. मग चेतांच्या वहनाची तपासणी, मेंदू-मणक्याचा एमआरआय, ईसीजी, इको, रक्तातली साखर. आणि न विसरता ई जीवनसत्त्वाची पातळी, कारण ते कमी असल्यानं होणारा अटॅक्सिया हुबेहूब फ्रीडरिक्ससारखा दिसतो आणि गोळ्यांनी आवरता येतो. सर्वांत शेवटी जनुकीय चाचणी. स्क्रीनशॉट पाहून निदान होत नाही.

व्हायोलिन

मालिकेचा खरा घात इथे होतो, कारण हे माध्यम तिच्या हातात होतं. पियानोची पट्टी जागच्या जागी असते. व्हायोलिनच्या पट्टीवर गिटारसारखे पडदे नसतात. बोट एक मिलिमीटर सरकलं की सूर बेसूर. पट्टीवरच्या तिसऱ्या स्थानावरून सातव्यावर हात नेताना वादक पाहत नाही, हातालाच जागा माहीत असते. म्हणजे ज्या जाणिवेवर हे वाद्य उभं आहे, अटॅक्सियाचे असे आजार नेमकी तीच पोखरतात. आधी बिघडेल ती मोठी झेप. मग व्हिब्रेटोची, म्हणजे सुराच्या कंपनाची, लय असमान होईल, गज तारा उचलून धरणाऱ्या पुलाकडे किंवा पट्टीकडे घसरेल आणि आवाज कधी खरखरीत, कधी पोकळ येईल. गज तारेवर उसळवत वाजवायच्या जागा तर सर्वांत आधी कोसळतील. डोळे मिटले की हे सगळं दुपटीनं वाढेल.

चौथ्या भागात काओरी सेंट-साँस या संगीतकाराचं ‘इंट्रोडक्शन अँड रोंडो कॅप्रिचिओसो’ वाजवते. सारासाते या वादकासाठी १८६३ साली लिहिलेली ही रचना. सुरुवात संथ, मग ६/८ च्या ठेक्यातला रोंडो, शेवटी सुसाट धावणारा कोडा. ती मध्येच थांबते, पण कोसेईची साथ तुटली म्हणून. पुन्हा सुरू करते आणि दणक्यात संपवते. टाळ्या झाल्यावर कोसळते. म्हणजे आजार रचनेच्या शेवटच्या सुरापर्यंत सभ्यपणे बाहेर थांबतो. तिच्या वाजवण्यातला एखादा सूर हळूहळू ढळत गेला असता, प्रेक्षकाला आधी ते तिचं बंडखोर वादन वाटलं असतं आणि नंतर कळलं असतं की तो हात होता, तर ती खरोखर थोर कल्पना ठरली असती. नियम धाब्यावर बसवून वाजवणारी मुलगी दुसऱ्याच भागात उभी केलेली होती. सामान तयार होतं, वापरलं नाही.

‘शस्त्रक्रिया हा शेवटचा आशेचा किरण होता’

कशाची शस्त्रक्रिया? फ्रीडरिक्समध्ये ऑपरेशन होतं ते वाकलेल्या कण्याचं किंवा पावलाचं. हृदयात उपकरण बसवावं लागू शकतं. आजार काढून टाकणारी किंवा ‘आणखी थोडे दिवस वाजवता येईल’ असं काही देणारी शस्त्रक्रिया अस्तित्वात नाही. औषध आलं तेही अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये, ओमाव्हेलोक्झोलोन नावाचं, १६ वर्षांवरच्या रुग्णांसाठी, आणि ते आजाराचा वेग थोडा कमी करतं इतकंच. तेव्हा निदान खरं मानलं तर शेवट खोटा, आणि शेवट खरा मानला तर निदान खोटं.

जाता जाता एक गंमत. अचानक पायातलं बळ जाणं आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया, दोन्ही हवं असेल तर जपानच्या घरचाच आजार होता. मोयामोया. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्या चिंचोळ्या होतात आणि त्यांच्याभोवती बारीक वाहिन्यांचं जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं. जपानीत मोयामोया म्हणजे तेच. १९६९ मध्ये जपानी डॉक्टरांनीच हे नाव रूढ केलं. मुलांना हुंदके देऊन रडताना, गरम नूडल्सवर फुंकर घालताना किंवा फुंकवाद्य वाजवताना क्षणिक लुळेपणा येतो, कारण जोरजोरात श्वास घेतल्यानं मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. पहिल्या भागात काओरी बागेत मुलांबरोबर फुंकून वाजवायची पियानिकाच वाजवत असते! काओरीला मोयामोया होता असं अजिबात म्हणायचं नाही. त्यातली शस्त्रक्रिया मुलांना बहुधा चांगली मानवते. मुद्दा एवढाच की शोधलं असतं तर सापडलं असतं.

‘नाव न घेणं हा संयम’

संयम तेव्हा, जेव्हा लेखकाला माहीत असतं आणि तो सांगत नाही. इथे आजाराला स्वतःचे नियमच नाहीत. काओरीला गच्चीवर बर्फात उभं राहून हवेत व्हायोलिन वाजवायची असते तेव्हा पाय चालतात. कोसेईला एकट्यानं वाजवायला लावायचं असतं तेव्हा ती ऐन वेळी कोसळते. अंतिम फेरी आणि ऑपरेशन एकाच दिवशी येतात. आजार पटकथेच्या वेळापत्रकाप्रमाणे वागतो, आणि नाव नसल्यामुळे कुणी हरकत घेऊ शकत नाही. कोसेईच्या आईचा आजारही असाच बिननावाचा. एका मालिकेत दोन निनावी प्राणघातक आजार, याला योगायोग म्हणवत नाही.

याच फुजी टीव्हीनं २००५ मध्ये आया कितो या मुलीच्या रोजनिशीवर मालिका केली होती. आयाला पंधराव्या वर्षी मेंदू-मणक्याचा अटॅक्सिया असल्याचं कळलं. रोजनिशी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती गेली. निदानापासून दहा वर्षं. त्या रोजनिशीत आजाराला नाव आहे, शाळा सोडावी लागते, शेवटी पेन धरवत नाही. नाव घेतल्यानं भावना पातळ होते म्हणणाऱ्यांनी ती वाचून पाहावी.

‘आईही आजारी होती, समजून घ्या’

कोसेईची आई साकी मुलाला छडीनं रक्त येईपर्यंत मारते. ‘मरून जा’ असं तो एकदा बोलून जातो आणि ती मरते. एवढं मालिका धीटपणे दाखवते. मग तिची मैत्रीण हिरोको हिच्या तोंडून खुलासा येतो की आपल्यामागे पोराला पोट भरता यावं म्हणून ती घाई करत होती, आणि तेराव्या भागात क्राइसलरचं ‘लीबेसलाइड’ रखमानिनॉफनं पियानोसाठी बांधलेल्या रूपात वाजतं. इतकं सुंदर वाजतं की माफीनामा आपोआप मंजूर होतो. कोसेईला रागवायला एक भागही दिलेला नाही. त्यात भर म्हणजे मार खाल्लेल्या याच मुलाला काओरी आणि त्याची बालमैत्रीण त्सुबाकी बदडतात ते विनोद म्हणून. पहिल्याच भागात मार पडतो, वर गमतीचे चेहरे. हा स्वरभंग काओरीच्या आजारापेक्षाही जास्त खुपतो.

‘संगीत बिनचूक’

होय. कोसेईचा पियानो तोमोकी साकाता यांनी आणि काओरीची व्हायोलिन युना शिनोहारा यांनी वाजवली आहे, आणि बोटं त्यांच्या वादनावरून रेखाटली आहेत. तक्रार एकच: शोपँची रचना चालू असताना सभागृहातली निम्मी माणसं मनातल्या मनात भाषण करत असतात. ११ खंडांना २२ भाग म्हणजे खंडाला दोन. ते भरायला त्याच आठवणी पुन्हापुन्हा दळल्या जातात.

‘पत्र सगळं फेडतं’

पत्र चांगलं लिहिलंय, डोळे भरून येतात, वाद नाही. कांदा चिरतानाही येतात. पण ते लांबलचक, हातानं लिहिलेलं पत्र आहे, आणि अटॅक्सियात अक्षर फार लवकर जातं. हा झाला किरकोळ मुद्दा. मोठा मुद्दा असा की आपण फार जगणार नाही हे तिला माहीत होतं, कोसेईचा मित्र वातारी आवडतो हे खोटं तिनं विचारपूर्वक रचलं, म्हणून ती अशी धावत सुटली होती, ही सगळी खरी गोष्ट २१ भाग झाल्यावर पाकिटातून बाहेर येते. तोवर इस्पितळ दिसतं ते बहुधा कोसेईच्या भेटीच्या वेळेपुरतं. २००६ मधली सहा भागांची मालिका ‘हानबुन नो त्सुकी गा नोबोरु सोरा’ फार थोर नाही, पण तिथे मुलगा स्वतःच कावीळ होऊन त्याच इस्पितळात पडलेला असतो, मुलीला हृदयाचा विकार असतो, वडील त्याच विकारानं गेलेले असतात, आणि ऑपरेशन निभावल्यावरही आयुष्य मोजकंच आहे हे दोघांना माहीत असतं. प्रेमाला तिथे वॉर्डाचे नियम पाळावे लागतात.

इथे पत्र देतात ते काओरीचे आईवडील, तिच्या थडग्यापाशी. केकचं दुकान चालवणारं जोडपं. मुलीच्या उशाशी रात्री कोण बसायचं, दुकान कोण उघडायचं, ऑपरेशनला हो कुणी म्हटलं, यातलं काहीच मालिका त्यांना विचारत नाही. कोसेईच्या हातात पाकीट पडतं आणि कॅमेरा त्याच्यामागे निघून जातो.