फोटोबरोबर दोन ओळीही पाठवाव्यात

पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीजकालीन वस्तीतील रंगीत घरांचे फोटो मित्रांना पाठवताना त्यासोबत थोडी माहितीही द्यावी, असे एका लेखात वाचले आणि ते मला मनापासून पटले. निळ्या भिंतीवरची पांढरी किनार आणि दाराशेजारच्या चित्रित फरशीवरचा घरक्रमांक, असा एक फोटो मी जुन्या वर्गमित्रांना पाठवला, तेव्हा इतके गडद रंग का, असे एकाने लगेच विचारले. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चसाठी राखीव असे आणि पावसाळा सरल्यावर घरे नव्याने रंगवली जात, असे तिथे सांगतात, ते मी कळवले. मग तिथल्याच सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधील क्रूसाचा फोटो दाखवला. त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान झुकलेली नाही. 1812 मध्ये बरखास्त झालेल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, जुन्या गोव्यातील वास्तूत तो पूर्वी होता, हे वाचून मित्रांनी तोच फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मात्र ही घरे नांदती आहेत, त्यामुळे उघड्या खिडकीतून दिसणाऱ्या आजीबाईंचा फोटो, कितीही सुरेख आला तरी, त्यांना विचारल्याशिवाय काढू नये आणि कुणाला पाठवूही नये.