आधी पेज, मग प्रार्थना

प्रार्थना आणि सेवा यांवरचा तुमचा लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. नोकरी गेल्यावर खचलेला माणूस चर्चमध्ये जाऊ लागला, प्रार्थनेने मन शांत झालं आणि मग तो आजाऱ्यांची सेवा करू लागला, असा क्रम तुम्ही लावलाय. आम्ही गोव्यातल्या म्हापशाचे, हिंदू. पण शेजारच्या आंटीचं बघितलंय ते नेमकं उलट. नवरा गेल्यावर त्यांनी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, जाणंच सोडलं होतं. त्यांच्या पॅरिशमधल्या, म्हणजे त्याच चर्चच्या भागातल्या, बायकांनी उपदेशाच्या फंदात न पडता अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीला पेज नेऊन द्यायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. स्टीलच्या डब्यात उकड्या तांदळाची पेज, सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी. भरवता भरवता सकाळ मोडायची. मिसेला आंटी परत जाऊ लागल्या त्या पुष्कळ नंतर, आणि आता मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लादाइन, म्हणजे गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना, असली की आम्हालाही हाक मारतात. (नंतर वाटतात त्या चण्यांसाठी आम्ही जातोच म्हणा!)

गोव्यातल्या बाणावलीत जन्मलेले धर्मगुरू जुजे वाज यांचा उल्लेख हवा होता. १६९७ साली श्रीलंकेतल्या कँडीत देवीच्या रोगाची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा हे तिथे राबले. २०१५ मध्ये ते संत घोषित झाले.

पुढच्या लेखात जमलं तर त्या आजाऱ्यांची बाजूही लिहा. ती म्हातारी सुरुवातीला आंटीच्या हातून खायला तोंडच उघडत नव्हती. परक्याकडून भरवून घ्यायचं म्हणजे काय होत असेल, ते कोणी विचारत नाही.