‘ट्रक १३,००० पौंड ओढतो, ट्रेलर तर ७,००० चाच’: हा हिशेब कुठे चुकतो

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचे बेत सुरू होतात आणि त्यांच्यासोबत एक युक्तिवादही फिरायला लागतो. विक्रेता तो सांगतो, व्हिडिओंत तो ऐकू येतो, डॅलसपासून बे एरियापर्यंतच्या मराठी ग्रुपांवर तो फॉरवर्ड होतो. त्याचा गोषवारा असा: ‘हल्लीचे हाफ-टन पिकअप १३,००० पौंड ओढतात. तीस फुटी ट्रेलर ७,००० पौंडांचा, म्हणजे निम्मी ताकद शिल्लकच. ट्रक मागून बसलाच तर वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचं वजन वाटून देणारा जोड) लावा, मागच्या सस्पेंशनमध्ये हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, टाका, जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवा. इंजिनाला तर ट्रेलर जाणवतही नाही. आणि पोलीस काही वजन करत बसत नाहीत.’

ऐकायला सगळं पटतं. एकेक वाक्य सोडवून पाहिलं की पटणं थांबतं.

‘हाफ-टन १३,००० पौंड ओढतो.’ हाफ-टन म्हणजे फोर्ड एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५००, टंड्रा हा वर्ग. २०२४ च्या एफ-१५० ची कमाल क्षमता १३,५०० पौंड आहे, टंड्राची १२,०००. आकडे खरे आहेत, पण ते त्या नावाच्या प्रत्येक ट्रकचे नाहीत. ठरावीक इंजिन, ठरावीक एक्सल रेशो, ठरावीक टोइंग पॅकेज असं सगळं जुळलं तरच तो आकडा मिळतो. शोरूममध्ये त्याच नावाने उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रकचा आकडा काही हजारांनी कमी असू शकतो.

हे आकडे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे ठरतात. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ सुमारे ११ मैलांचा चढ आहे. तिथे १०० अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून ट्रक ट्रेलर ओढत चढतो आणि त्याचा वेग ताशी ४० मैलांखाली जाऊन चालत नाही. चाचणी कडक आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात, आणि ट्रेलरच्या वजनाचा दहाच टक्के दाब हिचवर धरलेला असतो. मागच्या सीटवर मुलं नसतात, ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, सायकली नसतात, कूलर नसतो. सहलीला असं कोण जातं?

‘ट्रेलर ७,००० पौंडांचा.’ हे ड्राय वेट, कारखान्यातून निघतानाचं रिकाम्या ट्रेलरचं वजन. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड भरतं. ४५ गॅलनची टाकी भरली की ३७५ पौंड तिथेच वाढले. बॅटऱ्या, प्रोपेन, गाद्या-पांघरुणं, भांडी, किराणा, खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप हे सगळं त्यावर. ब्रोशरमध्ये ६,८०० पौंड लिहिलेला बंकहाउस (एकावर एक बर्थ असलेला) ट्रेलर कुटुंबाच्या आठवड्याच्या सामानासकट ७,९०० पर्यंत सहज जातो. ज्यांच्या घरी प्रवासाला निघताना इडलीपात्र आणि छोटा कुकरही बरोबर घेतला जातो, त्यांनी तर ड्राय वेटकडे बघूच नये. ट्रेलरच्या स्टिकरवर कमाल भरलेलं वजन दिलेलं असतं. हिशेब करायचा तर तेच धरून करावा.

आता मुख्य मुद्दा. त्या फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नसतो.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही होऊ देऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. तो त्या नावाच्या सगळ्या ट्रकांचा नसून त्या एकाच ट्रकचा असतो. सनरूफ, चामडी सीट, फोर-व्हील-ड्राइव्ह, मोठी चाकं अशी एकेक चैन वाढेल तसा तो घटतो. म्हणून सगळ्यात महाग ट्रिमचा पेलोड बऱ्याचदा साध्या ट्रकपेक्षा कमी निघतो. चार दारांच्या सजवलेल्या हाफ-टनवर १,४०० ते १,६०० च्या आसपासचा आकडा नेहमी दिसतो.

ट्रेलरचं सगळं वजन ट्रक अंगावर घेत नाही, पण हिचवर टेकणारा भाग घेतो. तो टंग वेट, ट्रॅव्हल ट्रेलरला साधारण १० ते १५ टक्के. आपल्या ७,९०० पौंडांच्या ट्रेलरचे १३ टक्के म्हणजे १,०२७, सोयीसाठी १,०३० धरू. स्टिकरवर १,४८० असेल तर उरले ४५०. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं लोखंडच ९० पौंडांच्या घरात असतं, म्हणजे उरले ३६०. आता माणसं: १७५ चे वडील, १४० ची आई, ९० आणि ७० पौंडांची दोन मुलं, एकूण ४७५. बेडमध्ये अजून एक पिशवीसुद्धा ठेवलेली नाही आणि ट्रक ११५ पौंडांनी जास्त भरलाय. जनरेटर, भरलेला कूलर, सायकली, जळाऊ लाकडं मिळून २५० पौंड टाका. ३६५ ने जास्त. उन्हाळ्यात भारतातून आजी आलेली असेल, आणि बहुतेक घरांत येतेच, तर जवळजवळ ५०० ने.

या सगळ्यात ओढण्याची मर्यादा मात्र अजून पाच हजार पौंड दूर आहे. हाफ-टन आणि मोठा ट्रेलर या जोडीत पेलोड आधी संपतो, टो रेटिंग बहुधा कधीच संपत नाही. आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत टो रेटिंगच छापतात.

आणखी एक स्टिकर रिसीव्हरवर, म्हणजे हिच बसवायच्या खोबणीवर, असतो, ट्रकच्या मागे वाकून बघावा लागतो. बऱ्याच ट्रकांवर तिथे दोन जोड्या असतात: साध्या बॉलवर ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० चा दाब, वेट डिस्ट्रिब्युशन हिचवर त्याहून बराच जास्त. मोठ्या ट्रेलरला ती हिच हौसेची वस्तू राहत नाही, ती लागतेच.

‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच, एअरबॅग लावल्या की झालं.’ हिच खरोखर उपयोगी आहे. मागचा एक्सल दबला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही सैल पडतात. ही हिच पुढच्या एक्सलवर वजन परत आणते आणि थोडा हिस्सा, शे-दोनशे पौंड, ट्रेलरच्या चाकांकडे ढकलते. वरच्या हिशेबात तेवढी सूट द्यायला माझी हरकत नाही. ३६५ मधून ती वजा करा, तरी ट्रक मर्यादेबाहेरच राहतो. एअरबॅग तर वजन कुठेच नेत नाहीत. ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, दिसायला सरळ दिसतो, पण एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांच्यावरचा भार होता तेवढाच राहतो. दाराच्या खांबावरचा आकडा कुठल्याही दुकानातून विकत आणलेल्या वस्तूने बदलत नाही.

‘जड सामान ट्रेलरच्या मागे ठेवा.’ या संपूर्ण मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच. उसाची बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला काही धरच राहत नाही, तसंच इथे होतं. टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मोठा सेमी ट्रक शेजारून गेला, आडवा वारा लागला, उतारावर वेग वाढला, एवढं निमित्त पुरतं. तीस फुटी ट्रेलरची भिंत वाऱ्याला शिडासारखी सापडते. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर जोराचं वारं सुटलं की हलक्या, उंच वाहनांना रस्ता बंद करतात, तो उगाच नाही. अशा वेळी ट्रक जितका हलका आणि आखूड, तितकं ट्रेलरचं त्याच्यावर चालतं. त्यात बऱ्याच हाफ-टनांचे टायर पॅसेंजर वर्गाचे, मऊ भिंतींचे असतात.

डोलणं सुरू झालंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. पायाने ट्रकचा ब्रेक दाबण्याचा मोह होतो, आणि त्याने डोलणं वाढतं. हिचवरचा दाब जास्त होतोय ही अडचण खरी असेल तर सामान कमी करायचं किंवा छोटा ट्रेलर घ्यायचा. तिसरा मार्ग नाही.

‘इंजिनाला जाणवतच नाही.’ बरोबर आहे. एफ-१५० च्या ३.५ लिटरच्या इकोबूस्ट या टर्बो इंजिनात ४०० अश्वशक्ती आणि ५०० पौंड-फूट टॉर्क आहे, चढ तो आरामात काढतो. टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दर हजार फुटांना साधारण तीन टक्के शक्ती गमावतं, कोलोरॅडोत आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११,००० फुटांवर, ते धापा टाकेल. तरी वर पोचेल. प्रश्न बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार लागतो तिथे सुरू होतो. गिअर खालचा हवा, ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक नीट लावलेले हवेत. आठ हजार पौंड मागून रेटत असताना इंजिनाची अश्वशक्ती कामाला येत नाही.

‘पोलीस वजन करत नाहीत.’ खासगी ट्रेलरच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण अपघात झाला तर स्टिकरवरचा आकडा समोरच्याच्या वकिलालाही वाचता येतो. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, त्यासाठी मात्र पोलीस थांबवतात.

एवढं झाल्यावर दुसऱ्या टोकाचा सल्ला येतो: ‘हाफ-टनचा नादच सोडा, थ्री-क्वार्टर-टन डिझेल घ्या.’ तोही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. त्या वर्गातल्या एफ-२५० किंवा रॅम २५०० चे ब्रेक, एक्सल, टायर जास्त भक्कम असतात, उतारावर आणि वाऱ्यात फरक कळतो. पण डिझेल इंजिनच जड असतं, आणि ट्रक व त्यावरचा भार मिळून १०,००० पौंडांच्या मर्यादेतल्या सजवलेल्या डिझेल २५०० चा पेलोड २,००० च्या आसपास, कधी त्याखालीही असतो. उलट जड पेलोड पॅकेज घेतलेल्या काही एफ-१५० चा पेलोड त्याहून जास्त निघालेला आहे. तिथेही दार उघडून स्टिकरच वाचावा लागतो.

ट्रेलर आधीच घेतलेला असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाचा ट्रकचा वजनकाटा असतो. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. घरच्या सगळ्या माणसांसकट, सहलीला निघतानाचं सामान भरून वजन करा: एकदा हिचचे वजन वाटणारे बार ताणून, एकदा बार सैल सोडून, एकदा ट्रेलर बाजूला लावून फक्त ट्रकचं. तीन पावत्यांवरून टंग वेट, मागच्या एक्सलचा भार आणि हिच नेमकं किती वजन हलवते, सगळं कळतं.

ट्रेलर अजून घ्यायचा असेल तर त्याच १,४८० च्या ट्रकला भरून ५,५०० पौंडांत राहणारा, चोवीस फुटांच्या आसपासचा ट्रेलर लावून बघा. टंग वेट ७१५, हिच ९०, चार माणसं ४७५. बेडसाठी २०० पौंड उरतात.