नूतन अध्यक्षांस, मावळत्याकडून

सर्वप्रथम अभिनंदन! आपल्या समाजसेवी क्लबच्या डिसेंबरातल्या सभेत 'पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण?' हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे छताकडे बघत होते आणि तुम्ही एकटे भजी खात होतात. तिथेच तुमची निवड झाली, तीही बिनविरोध. आपल्याकडे निवड बिनविरोधच होते, कारण जो विरोध करतो त्यालाच उमेदवार समजतात.

मीही असाच झालो होतो. आता ३० जूनला रात्री माझ्या गळ्यातली ती अध्यक्षपदाची कॉलर तुमच्या गळ्यात येईल. आजवरच्या प्रत्येक अध्यक्षाच्या नावाची पट्टी तिच्यावर आहे, त्यामुळे ती दरवर्षी थोडी जड होते. मान आखडते. त्याआधी काही गोष्टी कानात सांगून ठेवतो, व्यासपीठावरून त्या सांगता येत नाहीत.

पहिलं म्हणजे पदग्रहण. वर्षातला सर्वांत मोठा सेवाप्रकल्प हाच, हे मनाशी पक्कं धरा. कार्यालय, जेवण, प्रांतपालांचा (म्हणजे आपल्या विभागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांचा) मुक्काम, स्मृतिचिन्हं आणि तुमचा कोट. जुलैत कोट घालून बसायचं आणि पंखाही बंद ठेवायचा, कारण दीपप्रज्वलन असतं. समईच्या वाती आदल्या रात्री तेलात भिजवायला सांगा. कोणी भिजवत नाही. मग पाहुणे मेणबत्ती घेऊन वाकतात, वात धुरकटते, विझते, सूत्रसंचालिका 'तमसो मा ज्योतिर्गमय' तिसऱ्यांदा म्हणते आणि मंडपवाल्याचा पोऱ्या खिशातून कापराची वडी काढून वातीवर ठेवतो. क्लबच्या इतिहासात ज्योत पेटवल्याचं श्रेय खरं तर त्या पोऱ्याचं आहे. बातमीत त्याचं नाव घेऊ नका, सवय लागेल.

भाषणात थोडा इतिहास हवाच. तुमचा क्लब चाकवाला (रोटरी) असो की सिंहवाला (लायन्स), दोघांचं मूळ गाव शिकागो. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस नावाचे वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी असे चौघं एका कचेरीत बसले. पुढच्या बैठका आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भरू लागल्या, म्हणून नाव पडलं रोटरी. सिंहवाल्यांनी १९१७ सांगावं, विमा व्यवसायातले मेल्विन जोन्स सांगावेत आणि १९२५ मध्ये हेलन केलर यांनी 'अंधांच्या मदतीला या' अशी हाक दिली होती तेही सांगावं. टाळ्या पडतात. एक गोष्ट मात्र दोघांनीही गाळावी. त्या शिकागोवाल्यांनी १९०७ च्या सुमारास पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं ते कोणतं, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं हे. एवढं बोललात की मागच्या रांगेतले आपले खजिनदार नाना हात वर करतील. का, ते पुढे येईलच.

आता बातमीविषयी. प्रेसनोट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाठवावी. नंतर पाठवली तर जे घडलं ते लिहावं लागतं, आणि वार्ताहरांनाही ते गैरसोयीचं जातं. 'मोठ्या उत्साहात संपन्न', 'उपस्थितांची मने जिंकली', 'बहुसंख्य नागरिक उपस्थित होते' ही तीन वाक्यं कायम तयार असू द्या. माझ्या वर्षात वृक्षारोपण पावसाने रद्द झालं आणि दुसऱ्या दिवशी उत्साहात संपन्नही झालं. झाडांनी खुलासा मागितला नाही. नावांच्या क्रमाची मात्र काळजी घ्या. माजी अध्यक्ष ज्येष्ठतेने, मग सचिव, मग प्रकल्पप्रमुख, मग ज्यांच्या खिशातून पैसे गेले ते. एक नाव राहिलं म्हणून आपल्या तालुक्यात दुसरा क्लब निघालेला आहे. चाकवाल्यांकडे सभेत चार प्रश्नांची एक कसोटी म्हणतात, १९३२ सालची, आणि तिचा पहिलाच प्रश्न आहे: हे सत्य आहे का? ती कसोटी म्हणून झाली की लगेच प्रेसनोट मंजुरीला ठेवावी, वातावरण गंभीर असतं, कोणी वाचत नाही.

प्रकल्प कसा निवडावा? गरज बघू नका, पृष्ठभाग बघा. ज्या वस्तूवर नाव रंगवता येतं तीच वस्तू समाजाला हवी असते. सिमेंटचं बाकडं उत्तम, कारण पाठ टेकायची जागा म्हणजे चार ओळींचा मजकूर. शाळेला पंखे द्यायचे तर पात्यांवर नाव घाला, पंखा बंद असेपर्यंत वाचता येतं आणि आपल्याकडे वीज जाते. डिजिटल वर्ग दिलात तर पडद्यापेक्षा फलक मोठा करा.

माझ्या वर्षातला मानाचा तुरा म्हणजे बाजारतळावरचं पाणी. स्टीलचा कूलर, आत शुद्धीकरण यंत्र, वर पत्र्याची शेड, शेडच्या तिन्ही बाजूंना आमची नावं. चौथ्या बाजूला भिंत होती. उद्घाटन दोनदा झालं, एकदा आमदारांच्या हस्ते आणि एकदा प्रांतपालांच्या. मंगळवारचा बाजार. खेड्यापाड्यांतून भाजी घेऊन बायका पहाटेच्या गाडीने येतात आणि दिवेलागणीपर्यंत ढिगाऱ्यामागे बसून असतात. फीत कापून झाल्यावर मी पहिला पेला एका मेथीवाल्या मावशींना दिला. फोटोसाठी त्यांनी तो ओठाला लावला आणि फोटो झाल्यावर तसाच परत ठेवला. मी म्हटलं, "प्या की मावशी, शुद्ध आहे."

"शुद्ध असंल की," त्या म्हणाल्या, "पन पिऊन जायाचं कुटं?"

पिढ्यान्‌पिढ्या त्या बाजारतळावर बायकांसाठी आडोसा नाही. त्यामुळे त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आम्ही त्यांना थंडगार पाण्याची सोय करून दिली होती. तुम्हाला सांगायचा मुद्दा एवढाच, की उद्घाटनाच्या वेळी लाभार्थ्यांशी बोलू नका. पेला सचिवांच्या हाती द्यावा, ते पितात.

नेत्रशिबिर घ्याच. ते न घेतलेला अध्यक्ष माझ्या पाहण्यात नाही. काम सोपं असतं, कारण ते आपण करत नाही. तपासायला रुग्णालयाचं पथक येतं, ऑपरेशन तेच करतात, शासनाचा अंधत्व-नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. आपल्याकडे फक्त बॅनर, चहा आणि प्रमुख पाहुणे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचं शिबिर होतं. म्हातारी माणसं साडेआठला हजर. पथकाने वेळ जाऊ नये म्हणून बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घालून त्यांना व्हरांड्यात ओळीने बसवलं. ते थेंब पडले की उजेड सहन होत नाही, साधं ऊनही खुपतं. पाहुणे पावणेबाराला आले. मग फोटो. फोटोग्राफरने फ्लॅश चढवला आणि पहिल्या बाकावरच्या आजींना म्हणाला, "आजी, इकडं बघा. डोळं उघडा की जरा."

"उगडलं की सुया टोचत्यात रं बाबा."

"एकच, आजी. साहेब थांबलेत."

आजींनी डोळे उघडले. तीन फोटो काढले, कारण पहिल्यात पाहुण्यांचे डोळे मिटलेले होते. मग आजींनी पदर डोळ्यांवर ओढला तो जेवणाची वेळ होईतो काढला नाही. डोळ्यांतून पाण्याची धार लागलेली तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली ओळ होती: 'दृष्टी मिळाल्याने आनंदाश्रू'. ऑपरेशनला आठ दिवस अवकाश होता. तो फोटो मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. बायकोने मध्ये रंगकाम निघालं तेव्हा उतरवला आणि परत लावला नाही. मीही विचारलं नाही.

पोलिओचा उल्लेख दर भाषणात असू द्या, कारण ते काम खरोखर झालेलं आहे आणि खऱ्या कामाचा आधार कधीही बरा. चाकवाल्यांनी १९८५ मध्ये जगभर मोहीम उभी केली. भारतातला शेवटचा रुग्ण हावड्याचा, १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात आपल्या क्लबचा वाटा म्हणजे बूथवर दोन खुर्च्या आणि बिस्किटांचे पुडे. राहिलेल्या पोरांच्या मागे वीटभट्टीपर्यंत चालत जाऊन डाव्या करंगळीला शाई लावणाऱ्या अंगणवाडीच्या ताई वेगळ्या. पण भाषणात 'आपण पोलिओ हद्दपार केला' असंच म्हणावं. 'आपण' हा शब्द मोठा सोयीचा आहे, त्यात ताईही येतात.

फेलोशिपबद्दल नव्या सभासदांचा गोंधळ होतो. ही कुठली विद्यापीठाची शिष्यवृत्ती नव्हे. सभेच्या सूचनेत 'त्यानंतर फेलोशिप' असं असेल तर उपस्थिती भरते, नसेल तर गणपूर्ती होत नाही. ग्लास आणि शेंगदाणे आले की फेलोशिप सुरू झाली असं समजावं. रक्तदान शिबिराच्या नियोजनाला सहा जण होते, त्याच्या यशाच्या फेलोशिपला बेचाळीस.

हिशेबाकडे बघू नका. बघितलंत तर कळेल की क्लब अध्यक्षाचा असला तरी ट्रस्ट माजींचा असतो. इमारतीची जागा, मुदत ठेवी, ॲम्ब्युलन्स सगळं ट्रस्टच्या नावावर, आणि विश्वस्त तहहयात. तुम्ही एक वर्षाचे पाहुणे. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आपल्या ट्रस्टचे दोन विश्वस्त वारले आहेत, कागदोपत्री अजून सभांना येतात. त्यांचा विरोध नसतो, म्हणून कोणी घाई करत नाही.

आता नानांचं. बँकेत कॅशिअर होते, निवृत्त झाल्यावर आपले खजिनदार झाले, ते आजतागायत. कॉलर कधी घेतली नाही, कोट शिवला नाही. आलेल्या पावत्या ते तारखेने लावतात. शिबिरातल्या म्हाताऱ्यांना ऑपरेशननंतर थेंब कोण घालतं हे बघायला एस.टी.ने गावोगाव जातात आणि तिकिटाचे पैसे मागत नाहीत, त्यामुळे हिशेबात पंचाईत होते. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या सभेत ते एक खाकी फाइल काढतात: बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह. नकाशा आहे, नगरपालिकेचा ना हरकत दाखला आहे, पाण्याची जोडणी कुठून घ्यायची तेही आहे. अनुमोदन डॉक्टरमॅडमचं. चाकवाल्यांनी १९८९ मध्ये बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं, आपण त्याहून बऱ्याच उशिरा, त्यामुळे मॅडमना अजून कुठल्या विषयावर बोलू नये ते नीटसं माहीत नाही. बाजारच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लघवीच्या जळजळीच्या किती बायका येतात ते त्यांनी भर सभेत सांगितलं. समोर सूप होतं.

खर्च म्हणाल तर एक पदग्रहण आणि एक प्रांतपाल-भेट एवढ्यात बसतो. अडलं ते नावावर. आपल्या बिल्डर सभासदाने सिमेंट, विटा फुकट द्यायचं कबूल केलं होतं. मग कोणीतरी विचारलं, फलक कसा करायचा? ते म्हणाले, कै. वडिलांच्या स्मरणार्थ. आणि स्वतःच थबकले. मुतारीवर वडिलांचं नाव? त्या विटा शेवटी स्मशानात निवाऱ्याला गेल्या. तिथे नाव शोभतं. नाना म्हणाले, नाव नकोच, फक्त 'महिला' लिहू. बिननावाचा फलक! त्यानंतर सभेत बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, मग अध्यक्षांनी घंटा वाजवली. ते अध्यक्ष मीच होतो.

यंदाही नाना फाइल काढतील. घाबरू नका. तिच्यावर काय लिहायचं ते ठरलेलं आहे: 'तत्त्वतः मंजूर. पुढील वर्षी घ्यावे.' खाली चार अध्यक्षांच्या सह्या आहेत, चौथी माझी. माझ्याखाली एका सहीपुरती जागा उरली आहे. पेन नानांच्याच खिशाला असतं. उठायला कुरकुर करतं, जरा झटकावं लागतं.