पंखा फिरतो म्हणून एसएमपीएस ठीक?

डेस्कटॉप कॉम्प्युटर सुरू होत नसला की पुढे पाठवली जाणारी एक यादी बहुतेकांच्या पाहण्यात आली असेल. मथळा दर वेळी थोडा बदलतो, पण मजकूर साधारण तोच असतो: बटण दाबून काहीच झाले नाही तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी पेटी) उडाला, पंखे फिरत असतील तर एसएमपीएस ठीक आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात ती मुख्य पाटी) गेला, शंका असेल तर पेपरक्लिप लावून एसएमपीएसची खात्री करा, एक लांब आणि तीन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स कार्ड, डिस्प्ले येत नसेल तर रॅम खोडरबरने घासा, तरीही नाही तर बोर्डावरचा सेल बदला. ही सहा लक्षणे पाठ केली की दुरुस्तीवाल्याकडे जायला नको, असे आश्वासनही शेवटी दिलेले असते.

या यादीतले जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या मशीनच्या बाबतीत खरे ठरलेले आहे आणि म्हणूनच ती इतकी टिकून आहे. चूक आहे ती लक्षण दिसले की थेट सुट्या भागाचे नाव घेण्यात. बटण दाबणे आणि पडद्यावर अक्षर उमटणे यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी ठरावीक क्रमाने घडाव्या लागतात. लक्षणावरून इतकेच कळते की हा क्रम साधारण कुठपर्यंत आला आणि कुठे थांबला. तो कोणामुळे थांबला, हे त्यानंतर शोधायचे असते.

पहिला दावा घेऊ: काहीच हालचाल नाही, म्हणजे एसएमपीएस उडाला. समोरचे बटण एसएमपीएसला चालू-बंद करते असे यात गृहीत धरलेले आहे, आणि एटीएक्स पद्धतीच्या मशीनमध्ये, म्हणजे 1995 नंतर रूढ झालेल्या जवळपास सगळ्याच डेस्कटॉपमध्ये, ते खरे नाही. मागचा स्विच चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या वायरवर 5 व्होल्टचा राखीव पुरवठा देत असतो आणि मदरबोर्डाचा एक छोटा भाग त्यावर जागा असतो. बटण दाबले की बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात; ते ओळखून बोर्ड हिरव्या वायरला ग्राउंडशी, म्हणजे काळ्या वायरीशी, जोडतो; मग एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो. ते स्थिरावल्यावर, साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांत, करड्या वायरवर ‘पुरवठा ठीक आहे’ असा संकेत देतो. आणि त्यानंतरच प्रोसेसरला कामाला लागण्याची मुभा मिळते. आता यात काहीही न होण्याची कारणे मोजून पाहावीत. भिंतीवरचा सॉकेट, पॉवर केबल, मागचा स्विच, राखीव पुरवठा, समोरचे बटण, बटणाच्या वायरी, बोर्डावरची बटणाची दखल घेणारी चिप, किंवा कुठेतरी असलेला शॉर्ट, ज्यामुळे एसएमपीएस स्वतःच्या बचावासाठी क्षणात माघार घेतो. या आठांत उडालेला एसएमपीएस हे फक्त एक कारण आहे.

पडताळणीही फारशी अवघड नाही. बऱ्याच बोर्डांवर राखीव पुरवठ्याचा एक छोटा दिवा असतो. तो लागत असेल तर निदान तो पुरवठा येतो आहे. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे छोटे यंत्र) असल्यास जांभळ्या वायरवर 4.75 ते 5.25 व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसायला हवा. तो ठीक असेल तर समोरच्या बटणाच्या दोन्ही वायरी बोर्डावरून काढाव्यात आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. मशीन सुरू झाले तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

बटणाकडे मी इतके लक्ष का वेधतो, त्याला एक कारण आहे. माझ्याकडे एकदा असे मशीन आले की ते सुरू व्हायचे आणि चार-पाच सेकंदांत बंद पडायचे. तोवर त्याचा एसएमपीएस बदलून झाला होता आणि आता बोर्ड बदलायचा असा निर्णय झाला होता. बटणाची वायर काढून पिना स्क्रूड्रायव्हरने जोडल्या तेव्हा ते तासभर बिनतक्रार चालले. कॅबिनेटचे प्लॅस्टिकचे बटण आत दाबले जाऊन तिथेच अडकत होते, आणि बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले की पुरवठा तोडायचा, हा तर बोर्डाचा ठरलेला नियमच आहे. तेव्हा बोर्ड अगदी चोख काम करत होता.

दुसरा दावा अधिक घातक आहे, कारण त्यापोटी चांगले बोर्ड बदलले जातात. पंखा ही 12 व्होल्टवर चालणारी साधी मोटर आहे. ती 10 व्होल्टवरही फिरते, आणि सॉकेटमध्ये प्रोसेसर नसतानाही अनेक बोर्डांवर फिरते. एटीएक्सच्या रूढ नियमाप्रमाणे 12 व्होल्टचा पुरवठा 11.4 ते 12.6 च्या बाहेर जाता कामा नये. पंख्याला या मर्यादेशी काही देणेघेणे नसते, उरलेल्या बोर्डाला मात्र असते. फिरणारा पंखा एवढेच सांगतो की हिरवी वायर ग्राउंड झाली आणि 12 व्होल्टच्या वायरीवर काहीतरी येत आहे. एसएमपीएसला निर्दोष ठरवायला हे पुरेसे नाही आणि बोर्डाला दोषी ठरवायला तर अजिबातच नाही.

पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, या एकाच तक्रारीमागे परस्परांशी संबंध नसलेल्या कितीतरी गोष्टी असू शकतात. प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या बाजूला चार किंवा आठ पिनांचे वेगळे कनेक्टर असते. तिथून आलेल्या 12 व्होल्टचे बोर्ड साधारण 1 व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यात रूपांतर करतो. ते कनेक्टर लावायचे राहिले तर सगळे पंखे फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी राहतो. दुसरे, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना ती बोर्डाच्या पोर्टला लावणे ही चूक सरावलेल्या माणसांकडूनही होते. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असते त्यांच्यात अंगचे ग्राफिक्स चालत नसल्यामुळे बोर्डाच्या त्या पोर्टातून कधीच काही येणार नसते. तिसरे म्हणजे डीडीआर5, म्हणजे नव्या पिढीची रॅम. नवी जोडणी केल्यावर किंवा रॅम बदलल्यावर बोर्ड पहिल्यांदा मेमरीची वेळ जुळवून घेतो आणि त्यात काही मिनिटेसुद्धा जाऊ शकतात. या काळात पडदा काळाच असतो. अशा वेळी घाईने बंद करून पुन्हा सुरू करणारा माणूस ते काम दर वेळी पहिल्यापासून करायला लावतो आणि मग बोर्ड खराब आल्याची तक्रार करतो.

म्हणून पहिला प्रश्न असा हवा: मशीन सुरूच होत नाही, की सुरू होऊन दिसत नाही? एक-दोन मिनिटे थांबून कीबोर्डवरचे नम लॉक दाबावे. त्याचा दिवा प्रत्येक दाबासरशी लागत आणि विझत असेल तर प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड आपापले काम बहुतांशी करत आहेत, आणि शोध मॉनिटर, केबल, पोर्ट आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यापुरता उरतो. दिवा हलला नाही तर मात्र यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण काही कीबोर्ड ऑपरेटिंग सिस्टीम येईपर्यंत दाद देत नाहीत.

आता पेपरक्लिप. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरशी जोडली की बोर्डाशिवाय एसएमपीएस सुरू होतो, हे खरे आहे, आणि या चाचणीचा एक चांगला उपयोगही आहे: एवढे करूनही पंखा हलला नाही तर बहुतेक वेळा एसएमपीएस गेलेला असतो. बहुतेक वेळा म्हणायचे कारण असे की भार नसताना पंखा थांबवून ठेवणारे एसएमपीएसही आता मिळतात. पण यादी उलट बाजूचा निष्कर्ष काढते, की पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस उत्तम. इथे भार जवळजवळ शून्य असतो. आतले कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) वाळलेला एसएमपीएस रिकामा असताना 12.1 व्होल्ट दाखवतो आणि प्रोसेसरने व ग्राफिक्स कार्डाने करंट ओढायला सुरुवात केली की कोसळतो. रिकामी हातगाडी ढकलून पाहून ती किती ओझे वाहील हे ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे.

मोजायचेच तर कनेक्टर बोर्डाला लावलेले असताना, मल्टिमीटरचे टोक मागच्या बाजूने पिवळ्या वायरीच्या खाचेत घालून, दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगून मोजावे. आकडा 12 वर जाऊन लगेच शून्यावर आला तर एसएमपीएसने बचावासाठी माघार घेतली आहे आणि शॉर्ट शोधला पाहिजे; तो 11 च्या खाली रेंगाळत असेल तर संशय एसएमपीएसवर जातो. या मोजणीलाही मर्यादा आहे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. 12 व्होल्टच्या पुरवठ्यावरची तरंगती अस्थिरता 120 मिलिव्होल्टच्या आणि 5 व्होल्टवरची 50 मिलिव्होल्टच्या आत आहे की नाही, हे बघायला ऑसिलोस्कोप (व्होल्टचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारे यंत्र) लागतो. त्यामुळे घरच्या घरी एसएमपीएसला ‘निर्दोष’ हा शेरा पूर्ण खात्रीने देता येतच नाही. चांगला चालत असलेला दुसरा लावून बघणे हाच खरा मार्ग आहे. आणि यादीत नसलेली, पण तिच्या काही आवृत्त्यांत घुसलेली एक सूचना तर पूर्ण टाळावी: एसएमपीएसची पेटी उघडून आत फुगलेले कपॅसिटर शोधू नयेत. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि केबल काढल्यावरही ते काही काळ टिकतात. मदरबोर्डावरचे कपॅसिटर मात्र जरूर पाहावेत. तिथे फुगलेले डोके उघड्या डोळ्यांना दिसते.

बीपच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. सर्व मशीनना लागू पडेल अशी बीपची भाषा कधीच नव्हती. ती बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलते: अवॉर्डच्या जुन्या तक्त्यात एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष, एएमआयच्या तक्त्यात त्याच्या जवळपासच्या दोषासाठी आठ आखूड बीप, आणि फिनिक्स तर बीपचे गट करून वाजवते. शिवाय अनेक नव्या बोर्डांसोबत स्पीकरच येत नाही, त्यामुळे शांततेवरूनही निष्कर्ष काढता येत नाही. त्याऐवजी बऱ्याच बोर्डांच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. कोणत्या दिव्यापाशी गाडी अडली ते पाहावे आणि अर्थ त्याच बोर्डाच्या पुस्तिकेत शोधावा. तिथेही डीरॅमचा दिवा लागला म्हणजे रॅमच खराब, असे नाही. ती टप्प्याची खूण आहे. दोष स्लॉटात असू शकतो किंवा सॉकेटमधल्या पिनेतही, कारण रॅमच्या वायरी थेट प्रोसेसरकडेच जातात.

खोडरबराचा उपाय लोकांना सर्वांत प्रिय आहे, कारण तो खरोखर लागू पडताना दिसतो. पण नेमके काय लागू पडते? रॅम बाहेर काढली, घासली आणि पुन्हा घट्ट बसवली, यांत तीन कृती आहेत आणि श्रेय मधल्या कृतीला मिळते. रॅमच्या कडेचा मुलामा सोन्याचा असतो आणि सोने गंजत नाही. सैल बसलेली किंवा धुळीमुळे नीट न टेकणारी रॅम नुसती काढून, दोन्ही बाजूंनी खटका बसेपर्यंत दाबली तरी तेच घडले असते. घासण्याने मात्र तो अतिशय पातळ मुलामा झिजतो, रबराचा चुरा स्लॉटात पडतो आणि घर्षणाने स्थिर विद्युतही तयार होते. डाग खरोखर दिसत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड पुरेसे आहे. दोन रॅम असतील तर एकच ठेवून, पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटात (चार स्लॉटांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या) बसवून पाहावे आणि मग दुसरी.

राहिला सेल. 3 व्होल्टचा तो सीआर2032 सेल पुरवठा नसताना घड्याळ आणि सेटिंग्ज राखतो. तो उतरला की तारीख मागे जाते आणि सुरू होताना सूचना येते. मशीन सहसा सुरू होतेच. सेल बदलल्यावर मशीन जिवंत झाल्याच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांत अनेकदा सेल काढल्यामुळे बिघडलेली सेटिंग्ज पुसली गेलेली असतात, म्हणजे जुनाच सेल परत बसवला असता तरी चालले असते.

आणि दुरुस्तीवाल्याकडे जायला नको, हे आश्वासन. कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस (प्रोसेसरला अंगचे ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही) एवढेच जोडून पाहणे, त्यानंतर एका वेळी एकच भाग बदलणे आणि फरक न पडल्यास जुना परत लावणे, इथपर्यंत घरी पोहोचता येते. कॅबिनेटमध्ये चुकीच्या जागी राहिलेला, बोर्ड टेकवायचा पितळी स्टँड बोर्डाला खालून शॉर्ट करत असेल तर तोही याच पायरीवर उघडा पडतो. पण एवढ्या मोजक्या जोडणीतही डिस्प्ले येत नसेल तर उरलेला प्रश्न बोर्ड की प्रोसेसर असा असतो, आणि त्या बोर्डाला चालणारा दुसरा प्रोसेसर हाताशी नसेल तर तो घरी सुटत नाही. तत्पूर्वी एक गोष्ट तेवढी पाहता येते. पिना सॉकेटमध्ये असलेल्या बोर्डाचा प्रोसेसर काढून, आत बोट न लावता, टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकावा. सगळ्या पिनांची टोके एका ओळीत चमकतात आणि वाकलेली पीन असेल तिथे ती ओळ तुटलेली दिसते.