बॉबिनमध्ये दोरा शून्य टक्के

आमचे चिरंजीव सॉफ्टवेअरमध्ये आहेत. जगाच्या अडचणी सोडवण्याचा त्यांना पगार मिळतो. घरून काम सुरू झाल्यापासून जगातल्या अडचणी पुरेनाशा झाल्या असाव्यात. एका दुपारी ते माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आई, ब्लाउज शिवताना तुला नेमका प्रॉब्लेम काय येतो?"

"तू उजेडात बसलायस, हा."

हे त्याने लॅपटॉपमध्ये लिहून घेतलं.

मी ओळखीपाळखीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. मशीन पायाचं. छाती भागिले चार अधिक दीड इंच, हे गणित शिवणक्लासात खाकी कागदावर गिरवलं ते हातात बसलं. आता कागद म्हणून कालचं वर्तमानपत्र घेते. एका पानात अर्धी पाठ बिनजोड मावते, आणि कापता कापता राहिलेल्या बातम्याही वाचून होतात.

चिरंजीवांच्या मते हे रानटी होतं. परदेशात व्हॅलेंटिना नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातूनच फुटून निघालेलं सीमली टू-डी आहे. मापं भरायची, सूत्रं लिहायची, की आराखडा तयार. माप बदललं तर रेषा आपोआप सरकतात. मी म्हटलं, मग तेच वापरू. पण दुसऱ्याचं वापरलं तर इंजिनिअर कशाला झालो, असा त्याचा चेहरा झाला. साडीच्या ब्लाउजसाठी खास, घरचं सॉफ्टवेअर बनणार हे ठरलं.

पहिली चकमक सुतावरून झाली. इंचाचे आठ सूत हे कुठल्याही सुताराला, शिंप्याला माहीत असतं. मी सांगितलं, "लांबी साडेचौदाला एक सूत कमी." त्याने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि बरंच खाडाखोड करून १४.३७५ लिहिलं. तीन आकडी दशांश बघून मलाच घाम फुटला. एवढं बारीक काम मी करते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग फॉर्म आला. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीचा घेर. प्रत्येक रकान्यावर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे माप कोण देतं? येतो तो मापाचा ब्लाउज. तोही लग्नातला, दोनदा उसवून सैल केलेला. सोबत तोंडी सूचना: "उंची याची घ्या, बाही त्या दुसऱ्याची, आणि गळा मागच्या वेळी केला होतात तसा, पण तसा नको." हे कुठल्या रकान्यात भरायचं ते मी चिरंजीवांना विचारलं. त्यांनी 'इतर' असा एक रकाना केला. हळूहळू सगळं 'इतर'मध्येच जाऊ लागलं.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मी वजन कमी करणार आहे, त्या हिशोबाने शिवा." असं म्हणणाऱ्या बाईचा ब्लाउज मी आजच्या मापाने शिवते आणि उसवायला वाव म्हणून आत इंचभर माया ठेवते, याबद्दल आम्ही दोघीही एक अक्षर बोलत नाही. चिरंजीवांनी मात्र उत्साहाने 'अपेक्षित माप' नावाचा रकाना जोडला आणि फोन वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तीस लिहिलं. त्यांचं माप अडतीस आहे. सॉफ्टवेअरने तिसाचा आराखडा काढला आणि खाली हिरवी बरोबरची खूण केली.

पहिला खराखुरा आराखडा छापून आला तो ए-फोर कागदांच्या गठ्ठ्यात. कडा कापा, खुणेला खूण जुळवा, चिकटपट्टी लावा. त्यातून झेरॉक्सवाल्याने छापताना 'पानात बसवा'वर टिचकी मारली होती. अशा कागदावर दहा सेंटिमीटरचा एक चौकोन असतो. तो पट्टीने मोजायचा, दहा भरला तरच कात्री हातात घ्यायची. माझ्या टेपवर तो नऊ पूर्णांक चार भरला. म्हणजे छत्तिसाची छाती चौतिसाच्याही आत. मी ते कागद बाजूला ठेवले आणि कालचा पेपर मागितला. हे म्हणाले, "अजून वाचायचाय."

खणाच्या वेळी तर गंमतच झाली. सॉफ्टवेअरने कापडाचा पन्हा चव्वेचाळीस इंच धरलेला. खणाचा कितीतरी कमी. शिवाय काठ बाहीवर यायला हवेत. तेवढ्या कापडात सॉफ्टवेअरने सगळे भाग बसवून दाखवले खरे, पण बाह्या आडव्या फिरवून. काठ काखेत गेले. "पण आई, अकरा टक्के कापड वाचलं!"

मी चुकून एकदा बोलून गेले होते, की बॉबिनचा दोरा नेमका शेवटच्या चार बोटं शिलाईला संपतो. बास. चिरंजीवांनी हातचाकावर लोहचुंबक चिकटवलं आणि शेजारी एक सेन्सर. चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका, त्यामुळे किती दोरा उरला ते फोनवर दिसणार. कल्पना वाईट नव्हती, हे मान्य. पण चुंबक ते चुंबक. माझ्या टाचण्या एकेक करून चाकाला जाऊन लटकू लागल्या. आणि बॉबिन भरताना सुई थांबवली तरी चाक फिरतंच, नव्हे गरागरा फिरतं. यंत्राने तेही टाके धरले. काठोकाठ भरलेली बॉबिन बसवली, की फोन ओरडायचा: दोरा शून्य टक्के.

त्या दिवशी मी स्टूल बाहेर फेकणार होते. पण हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अगं, यंत्रांना एवढा विरोध करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राला सूट दिली होती. १९२४ साली म्हणाले होते, की बायको हाताने टाके घालत बसते हे सिंगरला बघवलं नाही, म्हणून प्रेमापोटी त्याने यंत्र केलं." लेकाने लगेच फोनवर शोधलं. या सिंगरसाहेबांनी १८५१ साली पेटंट घेतलं ते खरं, पण टाक्याच्या युक्तीपायी त्यांना इलायस हाऊ या दुसऱ्या गृहस्थाला पैसे मोजावे लागले. शिवाय साहेबांचे संसार एकाहून अधिक, मुलं वीसहून जास्त. तेवढ्या घरांची झबली शिवायची म्हटल्यावर यंत्र लागणारच.

गौरी-गणपतीच्या तोंडावर सगळ्यांचे ब्लाउज एकाच दिवशी हवे असतात. विजेच्या मशीनवाल्या बायका "लाईट नव्हती हो" म्हणून सुटतात. पायाच्या मशीनला ती सोय नाही. पाय आहेत, म्हणजे ब्लाउज व्हायलाच हवा. यंदा वहिनी दारात आल्या तेव्हा त्यांचा ब्लाउज अजून घडीतच होता. माझ्या तोंडून निघालं, "अहो, तुमची मापं ॲपमध्ये अडकलीयत. सर्व्हर डाऊन आहे."

वहिनींचा चेहरा एकदम मऊ झाला.

"हो का? आमच्या बँकेतही परवा तसंच. तुम्ही तरी काय करणार! सोमवारी येऊ?"

"मंगळवारी या," मी म्हटलं. "हल्ली फार लोड असतो त्याच्यावर."